दिवा नवा, भोक जुने : जुन्या मोटरहोमबद्दल वाचकांच्या शंका

उन्हाळा जवळ आला की इथे अमेरिकेत ड्राइव्हवेंमध्ये उभ्या असलेल्या मोटरहोमवरची हिवाळी आच्छादने निघतात आणि माझ्याकडे पत्रे यायला लागतात. या वेळी बहुतेकांचा विषय एकच आहे : बाहेरचे दिवे आणि ते धरून ठेवणारे स्क्रू. वीस-तीस वर्षांच्या गाड्या आपल्यापैकी अनेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतल्या आहेत, तेव्हा हे व्हायचेच. एक पत्र सगळ्यांत शेवटी आले, तरी ते आधी घेतो, कारण त्यातली गोष्ट थांबण्यासारखी नाही.

प्रश्न : मागच्या शनिवारी मुलानं दाराशेजारचा पोर्चचा दिवा बदलला. जुने स्क्रू गंजले होते म्हणून गॅरेजमध्ये पडलेले जरा लांब स्क्रू लावले. दिवा छान लागला. पण काल पाऊस पडून गेल्यावर मी अनवाणी उभी राहून दाराची मूठ धरली, तर हाताला मुंग्या आल्या. हे म्हणतात, बारा व्होल्टचा दिवा आहे, त्यानं काय होणार, तुला भास झाला असेल. पुढच्या आठवड्यात नातवंडं येणार आहेत. मला झोप लागत नाहीये. खरंच भास असेल का?
(एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : भास नाही. बारा व्होल्ट हाताला जाणवत नाहीत, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे. आणि नेमक्या त्याच कारणाने, मुंग्या आल्या म्हणजे ती वीज बारा व्होल्टची नव्हती. तुमची गाडी घराच्या १२० व्होल्टच्या जोडणीवर होती आणि ती वीज गाडीच्या धातूत उतरली होती. याला 'हॉट स्किन' (गाडीच्या बाह्य अंगात वीज उतरणे) म्हणतात. गाडी रबरी टायरांवर उभी असते, त्यामुळे अर्थिंगची तार कुठे तुटली असेल तर त्या विजेला जमिनीत जायला वाट नसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस ती वाट होतो.

गाडीला हात न लावता आधी घरातला ब्रेकर बंद करा, मग प्लग काढा. जनरेटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीपासून १२० व्होल्ट तयार करणारे यंत्र) असतील तर तेही बंद असू द्या. कारण दोनांपैकी एक असू शकते, किंवा दोन्ही : लांब स्क्रू भिंतीतल्या केबलमध्ये घुसला असेल, किंवा एक्स्टेंशन कॉर्डची अथवा अडॅप्टरची अर्थिंगची पिन तुटलेली असेल. स्क्रू काढून स्वतः पाहू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियन किंवा आरव्हीचा (मोटरहोमसारख्या राहत्या गाड्यांचा) प्रमाणित तंत्रज्ञ येऊन तपासून जाईपर्यंत गाडी वीजजोडणीला लावायची नाही. मुलाला मात्र बोल लावू नका. जुन्या स्क्रूपेक्षा लांब स्क्रू लावणे ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि जुना स्क्रू शेजारी धरून मोजण्याची सवय लागली की ती पुन्हा होत नाही.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी १९९५ ची क्लास सी मोटरहोम घेतली. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याच्या बाहेरून, अगदी वरती पाच पिवळे दिवे आहेत, त्यातला एक बंद होता. मी शिडी लावून कव्हर काढायला गेलो तर स्क्रूड्रायव्हर लावायच्या आधीच स्क्रू बोटांनी बाहेर आला, आणि त्याच्या आट्यांना ओला, काळा भुसा चिकटलेला होता. इंटरनेटवर वाचलं की असं झालं म्हणजे गाडी आतून संपली. साठवलेले सगळे पैसे यात घातले आहेत. बायकोला अजून सांगितलेलं नाही. गाडी गेली का?
(एक वाचक, ओहायो)

उत्तर : एका स्क्रूला लागलेला भुसा एका भोकाची बातमी देतो, अख्ख्या गाडीची नाही. ती बातमी खरी आहे, गंभीरही आहे. पण ती किती मोठी आहे हे तुम्ही स्वतः अर्ध्या तासात तपासू शकता. तोवर वाईटात वाईट धरून चालण्याचे कारण नाही.

आधी हे कशाने झाले ते पाहू. तुमच्या गाडीच्या कपाळावरच्या पाच दिव्यांपैकी टोकांचे दोन हे क्लिअरन्स दिवे (समोरच्याला गाडीची पूर्ण रुंदी दाखवणारे) आणि मधले तीन ओळख-दिवे. बनवताना प्रत्येक दिव्यासाठी भिंतीला तारेचे एक आणि स्क्रूंची दोन भोके पाडलेली असतात. म्हणजे गाडीच्या सर्वांत उंच आणि महामार्गावर पावसाचा मारा थेट झेलणाऱ्या जागी पंधरा भोके. ती बंद ठेवण्याचे काम दिव्यामागची फोमची पातळ गॅस्केट आणि थोडे सीलंट करत असते, आणि तीस वर्षांत दोन्ही वाळून जातात. पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत उतरते, मागच्या लाकडी पट्टीत मुरते, पट्टी मऊ पडली की स्क्रू ढिला होतो, आणि ढिल्या स्क्रूभोवतीची फट आणखी पाणी घेते. बल्ब गेला हे या साखळीतले शेवटचे आणि सर्वांत स्वस्त लक्षण आहे.

आता तपासणी. आत वरच्या बिछान्याची गादी उचला, कोपऱ्यांत बॅटरी मारा आणि बोटांनी चाचपा. तपकिरी डाग, फुगलेले पॅनेल, ओल्या गोणपाटासारखा वास यापैकी काही आहे का? मग बाहेरून पाचही दिवे काढा आणि प्रत्येक भोकाच्या आत टोच्या टेकवून हलका दाब द्या. धड लाकूड टोच्याला अडवते. कुजलेले लाकूड केकसारखे आत घेते. अंगठ्याने भिंत दाबत दिव्यापासून बाहेरच्या दिशेने सरका आणि मऊपणा जिथे संपतो तिथे पेन्सिलीने खूण करा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा ओलावामापक हाताशी असेल तर उत्तम. लाकडात १५ टक्क्यांच्या खाली ओलावा असेल तर ते कोरडे समजायला हरकत नाही.

मऊ भाग भोकाभोवती एखाद्या नाण्याएवढाच असेल तर दुरुस्ती घरची आहे. भुसभुशीत भाग कोरून काढा. भोके पावसापासून झाका, पण हवा लागू द्या, आणि आतून पंखा लावून चांगले वाळू द्या. याला दिवस लागतात, कधी दोन आठवडेही, आणि इथे घाई केली की पुढचे सगळे काम वाया जाते. मग पातळ एपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारा राळेचा प्रकार) लाकडात जिरवा आणि त्यावर दाट केलेले एपॉक्सी भरा. एक दिवसाने, आटे सोडून स्क्रूच्या मधल्या दांड्याइतक्या जाडीचे नवे भोक पाडा. स्क्रू स्टेनलेसचा, जुन्याच लांबीचा. लाकूड धड असेल आणि फक्त आटे गेले असतील तर इतकेही नको : लाकडी टूथपिक गोंदात बुडवून भोकात ठोकून बसवा, वाळल्यावर कापा, आणि तोच स्क्रू पुन्हा घट्ट धरतो. मागे लाकूडच नसेल, नुसती पातळ भिंत असेल, तर 'वेल नट' (आत पितळी नट असलेली रबरी नळी) वापरा. स्क्रू पिळला की रबर भिंतीमागे फुगते, धरूनही ठेवते आणि पाणीही अडवते.

मऊ भाग तळहातापेक्षा मोठा असेल, बाहेरचा फायबरग्लासचा पत्रा फुगून पोकळ वाजत असेल, किंवा बिछान्याच्या कोपऱ्याची चौकट दाबल्यावर हलत असेल, तर मात्र आरव्ही बॉडीचे काम करणाऱ्या माणसाला दाखवा आणि तोवर त्या बिछान्यावर कोणाला झोपवू नका. बुरशी १० चौरस फुटांहून जास्त पसरलेली दिसली तर तेही व्यावसायिकाचे काम. घरात दम्याचा कोणी असेल तर त्याआधीच. आणि बायकोला आजच सांगा. शिडी धरायला आणि बॅटरी मारायला दुसरा माणूस लागतोच.

प्रश्न : सहा स्क्रूंपैकी चार निघाले. एकाचं डोकं पार गुळगुळीत झालं आणि एकाचं तुटून हातात आलं. जोर लावला तर फायबरग्लासला तडा जाईल अशी धास्ती वाटते.
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुम्ही जोर लावायचे थांबलात हे फार चांगले केलेत, तडे असेच जातात. आधी एक गोष्ट पाहा. आरव्हीमध्ये चौकोनी खाचेचे स्क्रू सर्रास असतात आणि गंजामुळे ती खाच साध्या फुलीसारखी दिसते. त्यात फिलिप्सचा ड्रायव्हर फिरवला की डोके हमखास गुळगुळीत होते. खाच टाचणीने साफ करून पाहा.

गुळगुळीत स्क्रूला गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी, शक्य असेल तर, दिव्याचे जुने प्लास्टिक कापून काढा. तसाही तो दिवा जाणारच आहे. मग स्क्रूचे डोके उघडे पडते, ते लॉकिंग पक्कडीत धरून सावकाश, थोडे उलटे थोडे सुलटे असे फिरवा. तुटलेल्या स्क्रूवर मधोमध पंचने खूण करून डाव्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडायला घ्या. हे ड्रिल उलटे फिरते, त्यामुळे पुष्कळदा भोक पडता पडता तुकडाच बाहेर येतो. नाहीच आला तर त्याच्यामागे लागू नका. तुकडा भिंतीशी सपाट घासा, त्यावर एपॉक्सी लावून बुजवा आणि दिवा थोडा फिरवून नवे भोक अर्धा इंच बाजूला घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. डोक्यावर हात करून ड्रिल करताना गंजाचा कीस थेट डोळ्यात येतो.

प्रश्न : प्रत्येक दिव्याभोवती मी स्वतः सिलिकॉनची जाड रेघ मारली, चारी बाजूंनी, कुठे केसाएवढी फट ठेवली नाही. तरी आत पाणी येतंय. आता मित्र म्हणतो सिलिकॉन लावलंस तिथेच चुकलं. घरात बाथरूमला चालतं, गाडीला का नाही? सगळं परत करायचं का?
(एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : सगळे नाही, पण दिव्यांभोवतीचे हो. तुमची मेहनत कमी पडली नाही; सामान वेगळे हवे होते. बाथरूमची फरशी हलत नाही. गाडीची भिंत मात्र उन्हात ताणते, थंडीत आखडते आणि रस्त्यावर तासन्‌तास थरथरते. सिलिकॉन जुन्या, धुळकट, मेण लावलेल्या पृष्ठभागावरून कडेला सुटते. शिवाय ते सुटले तरी त्याचा न दिसणारा थर मागे राहतो, आणि त्यावर दुसरे काही धड चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट चारी बाजूंची. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाची गाडी माझ्याकडे आली होती. एका दुकानाने मागचे दिवे तुमच्यासारखेच चहूबाजूंनी बंद करून दिले होते, काम दिसायला सुबक होते. मी खालचा स्क्रू सैल केला तेव्हा दिव्याच्या पोटातून चहाच्या रंगाचे पाणी निघाले आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. कपभर तरी असेल. वरून एका बारीक फटीतून आत गेलेल्या पाण्याला खालून निघायला जागा ठेवलेली नव्हती, म्हणून ते तिथेच साठून आतल्या लाकडात मुरत राहिले. तेव्हापासून मी मालकाला दिव्याची खालची कड बोट लावून दाखवतो : ही उघडी ठेवली आहे, कृपा करून कोणी बंद करू नका.

पद्धत अशी. प्लास्टिकच्या पट्टीने सिलिकॉन खरवडा, मिनरल स्पिरिटने पुसा, शेवटी अल्कोहोलने पुसून कोरडे करा. दिव्याच्या मागच्या बाजूला ब्युटाइल टेप (कधीच पूर्ण न वाळणारी चिकट पट्टी) लावा, तारेच्या भोकाभोवती आणि स्क्रूच्या जागांवर अखंड. स्क्रू आळीपाळीने, हातानेच आवळा; यंत्राने आवळले तर दिव्याची बैठक तडकते. कडेने टेप थोडी बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा फेरा आवळा आणि बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या सुरीने कापा. मग वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना भिंतीसाठीचे, न ओघळणारे आरव्ही सीलंट लावा. छपरासाठी मिळणारे आपोआप सपाट होणारे सीलंट उभ्या भिंतीवर ओघळते, ते इथे नको. बोटींसाठीचे कायमचे चिकटवणारे सीलंटही नको, नाहीतर पुढचा दिवा भिंतीच्या तुकड्यासकट निघेल.

प्रश्न : मागून येणाऱ्या मित्राने फोन करून सांगितलं की मी ब्रेक दाबला की माझे मागचे वरचे बारीक दिवे मंद पेटतात आणि उजवा ब्रेकलाइट लागतच नाही. गाडीत भूत आहे असं मुलं म्हणतात. मला वाटतं सगळं वायरिंग जळत आलंय. आग लागेल का?
(एक वाचक, टेक्सास)

उत्तर : या भुताचे नाव खराब अर्थ, आणि ते बहुधा उजव्या मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये राहते. जुन्या गाड्यांच्या मागच्या दिव्यात ११५७ नंबरचा बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट असतात, एक ब्रेकचे व इंडिकेटरचे, दुसरे टेललाइटचे, आणि दोघांना मिळून परतीची वाट एकच. ती वाट गंजून बंद झाली की ब्रेकचा प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा जाऊन त्याच तारेवरच्या बारीक दिव्यांमधून वाट काढतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे मंद पेटतात.

खात्री करणे सोपे आहे. एका तारेचे एक टोक त्या होल्डरच्या ऋण बाजूला, दुसरे चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला लावा. दिवा झक्क लागला तर निदान झाले. काही जुन्या दिव्यांत अर्थ स्क्रूमधूनच ॲल्युमिनियमच्या पत्र्यात जातो. तिथे स्क्रू गंजला की दिवाही गेला. अशा जागी स्क्रूवर विसंबू नका, वेगळी तार चासीपर्यंत न्या. होल्डरमधला पांढरा-हिरवा थर बारीक सँडपेपरने काढा, जोड उष्णतेने आवळणाऱ्या आवरणाचे वापरा. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. इतक्या वर्षांत आधीच्या मालकांनी हाताला आली ती तार जोडलेली असते, म्हणून टेस्ट लॅम्पने प्रत्येक तार तपासा.

आगीबद्दल. मंद पेटणाऱ्या दिव्यांनी आग लागत नाही. पण फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तार हाताला गरम लागत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर बॅटरीची जोडणी सोडवा आणि ऑटो-इलेक्ट्रिशियनला बोलवा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज कधीच टाकू नका. आणि उजवा ब्रेकलाइट लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : एलईडी बल्ब टाकले तर इंडिकेटर झपझप लुकलुकायला लागला. शिवाय मागचा लाल दिवा गुलाबी दिसतो. काही बिघडवलं का मी?
(एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : काही बिघडलेले नाही. जुन्या बल्बचे तेजस्वी फिलामेंट सुमारे दोन अँपिअर खाते, एलईडी त्याचा अगदी थोडा भाग. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला वाटते बल्ब गेला, म्हणून तो घाई करतो. त्याहून जुना, तापून उघडझाप करणारा फ्लॅशर असता तर दिवा रेंगाळला असता किंवा नुसता पेटून राहिला असता. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवा. बल्बशेजारी रेझिस्टर (प्रवाह खाऊन उष्णता करणारा भाग) जोडायचा सल्लाही मिळेल, पण तो चालू असताना तीसएक वॅटची उष्णता टाकतो आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळवतो. मी तो टाळतो. लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळीमागे पिवळा, म्हणजे गुलाबी दिसणार नाही. फोर्डच्या काही जुन्या चासींवर ब्रेकला एलईडी लावल्यावर क्रूझ कंट्रोल बंद पडतो, कारण ती यंत्रणा ब्रेकच्या साध्या फिलामेंटमधून अर्थ शोधते. तसे झाले तर तिथे एक साधा बल्ब परत लावा.

प्रश्न : मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी विभागात नोकरी केली. आता मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. त्याच्या मोटरहोमचे दिवे हलतात. मी म्हणतो रिव्हेट मारतो आणि भोकं एम-सीलनं बुजवतो, आयुष्यभर हेच केलं. मुलगा म्हणतो बाबा, हात लावू नका, ही एसटी नाही. माझ्या हातून गाडी खराब होईल का?
(एक वाचक, मुक्काम मिशिगन, मूळ सांगली जिल्हा)

उत्तर : काका, ज्या हातांनी एसटीच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या त्या हातांनी गाडी खराब होणार नाही. फक्त भिंत कशाची आहे ते आधी पाहावे लागेल. एसटीत पत्र्यामागे धातूची चौकट असते, रिव्हेट दोन धातूंना धरतो. मुलाच्या गाडीत बहुधा पातळ फायबरग्लास, त्यामागे पातळ प्लायवूड आणि त्यामागे फोम असेल. तिथे रिव्हेट ओढला की त्याचे फुगलेले टोक प्लायवूड चिरडते आणि महिनाभराने पुन्हा हलू लागते. शिवाय पॉप रिव्हेटच्या मधून आरपार भोक राहते, पाणी तिथूनच शिरते. गाडी सबंध ॲल्युमिनियमची निघाली तर मात्र बंद टोकाचे रिव्हेट चालतील, आणि स्टेनलेसचा स्क्रू वापरलात तर दोन धातूंमध्ये गंजरोधक पेस्ट लावा. नाहीतर ओलीत ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एम-सील कोरड्या लाकडातले भोक भरायला चालेल, त्यात नवा स्क्रू धरेल. दिव्याच्या कडेने मात्र नको. ते दगडासारखे होते, भिंत हलली की केसासारखा तडा जातो. कडेला ब्युटाइल. मुलाला हे उत्तर वाचायला द्या आणि पहिला दिवा दोघांनी मिळून करा.

प्रश्न : माझी गाडी १९८९ ची. मागच्या दिव्याची काच फुटली आणि ते मॉडेल आता बनतच नाही. नवे दिवे आकाराने लहान आहेत, जुनं चौकोनी भोक उघडं राहतं. वार्षिक तपासणीत नापास होईन का? पुढच्या महिन्यात तारीख आहे.
(एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : तोच दिवा मिळालाच पाहिजे असे नाही. तपासणारा माणूस कंपनी पाहत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या रंगाचा दिवा लागतो का ते पाहतो. अमेरिकेत याचा आधार संघराज्याचे १०८ क्रमांकाचे वाहन-सुरक्षा मानक, जे १९६८ पासून आहे. ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडीला पुढे पिवळे आणि मागे लाल क्लिअरन्स दिवे, आणि मध्ये तीन ओळख-दिवे, एकमेकांपासून ६ ते १२ इंचांवर. गाडी ३० फूट किंवा त्याहून लांब असेल तर बाजूला मधोमध आणखी एक पिवळा दिवा आणि परावर्तक. नव्या दिव्याच्या काचेवर डीओटी आणि एसएई ही अक्षरे उठवलेली आहेत का ते पाहून घ्या. मागच्या जुन्या दिव्यातच लाल परावर्तक असेल तर तोही नव्याने लावावा लागतो. हे लोक विसरतात आणि तेवढ्यावरून नापास होतात.

उघड्या भोकासाठी ॲल्युमिनियमची किंवा जाड प्लास्टिकची पट्टी कापा, जुन्या भोकापेक्षा सगळीकडून इंचभर मोठी, कोपरे गोल. पट्टी भिंतीला ब्युटाइलवर बसवा आणि दिवा पट्टीला. पट्टीचे स्क्रू जुन्या भोकांपासून दूर, धड जागेत येतात, हा आणखी एक फायदा. भोक मोकळे असतानाच आतले लाकूड टोच्याने तपासून घ्या. अशी संधी पुन्हा मिळत नाही. तारखेची काळजी असेल तर तपासणी केंद्राला आधी फोन करून पट्टीचे विचारा.

प्रश्न : यांना जाऊन दीड वर्ष झालं. गाडी तशीच उभी आहे. दिवे यांनी स्वतः लावलेले, आता दोन लोंबकळताहेत. मला शिडीवर चढायची भीती वाटते आणि दुकानात गेले की मला काही कळत नाही म्हणून फसवतील असं वाटतं. लेक म्हणते विकून टाक. मला एकदा तरी यलोस्टोनला जायचं आहे, आमचं ठरलं होतं.
(एक वाचक, मिनेसोटा)

उत्तर : ताई, शिडीवर चढू नका. हे मी तुमच्या वयाकडे पाहून म्हणत नाही. दहा फुटांवर एका हाताने ड्रिल धरणे हे एकट्याने करायचे काम कोणासाठीच नाही. घरी येऊन काम करणारे प्रमाणित आरव्ही तंत्रज्ञ मिळतात, त्यांना बोलवा. म्हणजे काम तुमच्या डोळ्यांसमोर होते.

त्यांना हे विचारा. जुने दिवे काढल्यावर भोकांतले लाकूड तुम्ही मला दाखवाल का? मागे काय लावणार, ब्युटाइल की नुसते सिलिकॉन? खालची कड उघडी ठेवणार का? चांगला कारागीर या प्रश्नांनी खूश होतो आणि जरा जास्तच बोलायला लागतो. जो उडवून लावेल त्याला नम्रपणे नको म्हणा. अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि लाकूड कुजलेले निघाल्यास पुढे जाण्यापूर्वी तुम्हाला विचारायचे, असे त्यात लिहून घ्या. इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीचे टायर, ब्रेक आणि गॅसची गळतीही त्याच फेरीत तपासून घ्या. गॅसचे काम प्रमाणित माणसाशिवाय कोणाकडे देऊ नका.

विकायचे की ठेवायचे ते दिव्यांवरून ठरवू नका. दोन लोंबकळणारे दिवे हे साधारण एका दिवसाचे काम आहे. यजमानांनी लावलेल्या दिव्यांच्या काचा धड असतील तर तंत्रज्ञाला सांगा, तो नव्या बैठकीवर त्याच काचा बसतात का ते पाहील. बसत नसतील तर काचा तुमच्याकडे मागून घ्या. यलोस्टोनचे बरेचसे रस्ते एप्रिलच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने उघडतात आणि उद्यानातल्या मुक्कामाच्या जागा खूप आधी भरतात, तेव्हा तंत्रज्ञाची वेळ घ्याल त्याच आठवड्यात तिथलेही आरक्षण पाहा.